नाशिकची वाइन बघायला येताय? मग शनिवार सोडून या

डिसेंबर लागला की आम्हा नाशिककरांचे फोन वाजायला लागतात. पुण्याचा मावसभाऊ, ठाण्याची शाळेतली मैत्रीण, ऑफिसातला असा कोणीतरी ज्याच्याशी वर्षभर बोलणं नसतं, आणि प्रश्न सगळ्यांचा एकच, शनिवारी येतोय, सुला वाइनरीला जायचंय, बाकी काय बघायचं तिथे? मग ते येतात, गंगापूर रोडच्या ट्रॅफिकमधे अडकतात, पार्किंगसाठी गोल गोल फिरतात, टेबलासाठी थांबतात, पिंपाशेजारी उभं राहून फोटो काढतात, पिझ्झा खातात आणि रात्री परत. वाइन पिऊन झालेली असते पण द्राक्षाची एक वेल धड बघितलेली नसते.

सुलाला नावं ठेवायची नाहीयेत मला. राजीव सामंतांनी नव्वदच्या दशकात इथे वाइनची द्राक्षं लावली, २००५ मधे टेस्टिंग रूम उघडली, आणि वाइनरी ही सहकुटुंब जाऊन बघायची जागा आहे हे आपल्या लोकांना तिथेच कळलं. पण नाशिकची वाइन म्हणजे सुलाची ती एक गच्ची नाही ना भो. दिंडोरी, निफाड, इगतपुरी असे तीन तालुके पसरलेलं हे सगळं प्रकरण आहे आणि ते मुळात शेती आहे, म्हणजे छाटणी, फवारणी, थंडी, अवकाळी, मजूर, भाव हे सगळं. ते थोडं बघून मग ग्लास हातात घेतला तर दिवस वसूल होतो. पहिल्यांदा येणाऱ्यांनी दिवस कसा आखायचा ते सांगतो.

आधी महिना ठरवा, मग वार

जानेवारीचा मध्य ते मार्चचा पहिला आठवडा. बस, हाच काळ. इथे द्राक्षाची वर्षात दोनदा छाटणी होते, एप्रिलच्या आसपास खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, आणि गोडी छाटणीनंतर चार-साडेचार महिन्यांनी माल येतो. वाइनच्या बागांची गोडी छाटणी साधारण सप्टेंबरपासूनच सुरू होते त्यामुळे त्यांची तोडणी जानेवारी-फेब्रुवारीत जोरात असते, आधी पांढरी म्हणजे सॉव्हिन्यॉन ब्लाँ, शेनिन ब्लाँ वगैरे, आणि मागून लाल वाइनची शिराझ, कॅबर्ने. युरोपात सप्टेंबर-ऑक्टोबरला तोडणी होते, आपल्याकडे त्या वेळी पाऊस, म्हणून आपण हिवाळ्यात काढतो. मे महिन्यात याल तर वेलींवर नुसत्या काड्या आणि पानं, बघायला काही नाही आणि ऊन असं की रेड वाइनचं नाव काढवत नाही. जुलै-ऑगस्टमधे सगळं हिरवंगार, डोंगर धुक्यात, त्र्यंबक इगतपुरीकडे बेस्ट, पण घड नाहीत. पावसाळा बघायचा तर पावसाळा बघायला या, वाइनचं निमित्त कशाला.

वार मंगळवार ते गुरुवार. सुट्टी मिळत नसेल तर रविवार सकाळ, कारण शनिवारी आलेली गर्दी तेव्हा झोपलेली असते. ड्राय डे तेवढा तपासून घ्या, २६ जानेवारीला लाँग वीकेंड म्हणून दरवर्षी लोक उत्साहाने येतात आणि त्या दिवशी वाइन मिळत नाही, निवडणुका लागल्या असतील तर मतदानाच्या आधीपासूनच बंद. आणि सुलाफेस्ट म्हणजे सुलाचा संगीत महोत्सव असतो त्या वीकेंडला नाचायचं नसेल तर शहरातच येऊ नका, हॉटेलवाले तुम्हाला ओळख देणार नाहीत.

द्राक्षं पायाने तुडवायचा कार्यक्रम असतो त्याच्याबद्दल पण विचारतात सगळे. मजा आहे, लहान मुलांना आवडतं, फोटो भारी येतात. त्या रसाची वाइन करून कोणी बाटलीत भरत नाही, एवढं लक्षात ठेवून खुशाल तुडवा.

यायचं कसं, आणि गाडी कोण चालवणार

मुंबईहून सकाळची तपोवन किंवा वंदे भारत पकडली तर दहाच्या आत नाशिकरोड, आणि संध्याकाळी तपोवनच परत मिळते. पंचवटीच्या भरवशावर मुंबईहून दिवसाची ट्रिप आखू नका, ती सकाळी इकडून मुंबईला जाते आणि संध्याकाळी परत येते, ती आमची गाडी आहे. नाशिकरोड स्टेशन म्हणजे नाशिक शहर नाही, शहर तिथून दहाएक किलोमीटर आहे, हे माहीत नसल्याने लोकांचा अर्धा तास हमखास जातो. पुण्याहून थेट सोयीची रेल्वे नाही, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर करत रस्त्यानेच यायचं. (नारायणगाव आलं की आठवण ठेवा, सुलाच्या कितीतरी आधी, ऐंशीच्या दशकात तिथे शामराव चौगुल्यांच्या इंडेजने फेसाळती वाइन करून ती ओमर खय्याम नावाने परदेशात विकली होती. नाशिककर हे सांगत नाहीत सहसा.) मुंबईहून गाडीने येणाऱ्यांना समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा २०२५ मधे सुरू झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो. शहरात मात्र सिंहस्थाच्या तयारीची खोदाखोदी चालू असते, त्यामुळे मॅप दाखवेल त्यात वीस मिनिटं मिळवायची.

आता महत्त्वाचं. टेस्टिंगमधे पाच-सहा प्रकार मिळतात, प्रत्येक घोट छोटा दिसतो आणि माणूस म्हणतो काही होत नाही, पण ते सगळे मिळून एक मोठा ग्लास होतो, आणि दोन वाइनरी केल्या की दोन, वर जेवताना एक. कायद्यात १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि वीकेंडला नाकाबंदी असते, पण पोलिसांचं सोडा, हे रस्ते ट्रॅक्टर, ऊस, कांद्याच्या पिकअप आणि अंधारात बिनलाइटच्या मोटरसायकलींचे आहेत. म्हणून ग्रुपमधला न पिणारा एक जण आधीच ठरवा, नाहीतर दिवसभरासाठी ड्रायव्हरसकट गाडी घ्या. ॲपवरून कॅबने जाणं सोपं आहे, परत येताना धरणाकाठी किंवा खेड्यात कॅब बोलावून दाखवा मला. जाणारी रिक्षा असेल तर थांबण्याचे पैसे ठरवून तिलाच थांबवून ठेवायचं. आणि जो चालवणारे त्याची चंगळ करा बाबा, त्याला चांगलं जेवण, आणि परत जाताना घरी प्यायला एक बाटली सगळ्यांच्या वर्गणीतून.

कुठल्या दिशेला जायचं

चारी दिशा एका दिवसात होत नाहीत. एका दिवसाला एक बाजू आणि जास्तीत जास्त दोन वाइनरी, तिसरीत जीभ बधिर असते आणि सगळं सारखंच लागतं.

पश्चिमेला गंगापूर धरणाची बाजू, म्हणजे सुला, यॉर्क, सोमा. जवळ, सोपी, फोटोजनिक, म्हणून सगळे तिथेच. उत्तरेला दिंडोरी, शहरापासून पंचवीसेक किलोमीटर, इथे शांदाँ आहे, त्याच फ्रेंच ग्रुपची जो मोएट शॅम्पेन बनवतो, २०१३ पासून ते इथल्या द्राक्षांची फेसाळती वाइन काढतात, पण तिथे आधी विचारल्याशिवाय जाऊन उभं राहायचं नाही. याच बाजूला आशेवाडीजवळ रामशेज किल्ला आहे, मुघलांनी ज्याच्यापुढे वर्षानुवर्षं डोकं आपटलं तो, चढायला अर्धा-पाऊण तास, पिण्याच्या आधी चढा, नंतर नाही. दक्षिण-पश्चिमेला इगतपुरी तालुक्यात सांजेगावला ग्रोव्हर झांपा आणि कावनईजवळ मुकणे धरणाच्या काठावर व्हालॉन. मुंबईहून गाडीने येणाऱ्यांना ही बाजू सगळ्यात सोयीची, नाशिक शहरात शिरावंच लागत नाही, आणि तिकडचं पाणी, डोंगर, भाताची खाचरं यांचा देखावा गंगापूरपेक्षा उजवा आहे असं माझं मत, मित्रांशी यावर भांडणं होतात.

आणि पूर्वेला निफाड. इकडे टुरिस्ट येत नाही. इकडे देखावा नाही, सपाट जमीन, काळी माती, कांदा, ऊस आणि जिकडे बघावं तिकडे द्राक्षं. मी तुम्हाला इकडेच पाठवणार आहे.

सकाळ: आधी पक्षी

हे करायचं तर आदल्या रात्री नाशिकला मुक्काम हवा. सकाळी आलेल्यांनी हा भाग सोडून थेट मिसळीवर या.

पहाटे साडेपाचला निघा, नांदूर नाक्यावरून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याला लागा, चांदोरी, निफाड करत नांदूरमध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला, वर्षानुवर्षं त्यात गाळ साचून उथळ पाणी, बेटं, पाणवनस्पती असं सगळं तयार झालं आणि पक्ष्यांनी ती जागा उचलली. २०२० मधे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून हिची नोंद झाली. चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत, गावातलीच पोरं दुर्बीण घेऊन गाइड म्हणून येतात आणि खरंच त्यांना पक्ष्यांची उत्तम माहिती आहे, पैसे वाचवायला गाइड टाळू नका. जांभळी पाणकोंबडी, चमचा, चक्रवाक, हिवाळी बदकांचे थवे, नशीब असेल तर क्रौंच आणि रोहित. स्वेटर, कानटोपी पाहिजेच. निफाडच्या कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्र आहे आणि थंडीत पेपरात जे 'निफाडचा पारा इतक्यावर' छापून येतं ना, ते आकडे तिथले असतात, कधी कधी पाचाच्याही खाली.

ही थंडी तुम्हाला गंमत वाटेल पण बागवाल्याची झोप उडालेली असते. पारा फार उतरला की मण्यांची फुगवण थांबते, तयार होत आलेले मणी तडकतात. मग पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात, विहिरीचं पाणी त्यातल्या त्यात कोमट म्हणून ठिबक चालू करतात. जानेवारीत या रस्त्याने अंधारात जाताना बागांमधून जमिनीलगत धूर दिसला तर तो हा.

बागेत कसं जायचं

ही गोष्ट कुठल्याच पॅकेजमधे नसते आणि मला विचाराल तर दिवसातला हाच खरा भाग.

पहिला नियम, न विचारता शिरायचं नाही. कुंपण नाही म्हणून बाग मोकळी आहे असं नसतं. निर्यातीचे प्लॉट नोंदणी केलेले असतात, कुठल्या दिवशी काय फवारलं याची वही असते, युरोपात माल उतरला की औषधाचा अंश तपासतात आणि जास्त निघाला तर अख्खा कंटेनर अडकतो, म्हणून अनोळखी माणूस बागेत फिरताना दिसला की मालकाचा जीव वर-खाली होतो. शिवाय काल काय फवारलंय तुम्हाला माहीत नाही, त्यामुळे घड तोडून तोंडात टाकायचा नाही, मुलांना तर अजिबात देऊ नका. रस्त्याकडेला गाडी थांबवा, कोणी काम करत असेल तर 'राम राम दादा, बाग बघू का जरा, पुण्याहून आलोय' एवढं म्हणा. दहातले आठ जण हो म्हणतात, त्यातले चार जण चहा पाजतात, आणि एक जण तुम्हाला भाव का पडले यावर तासभर सोडत नाही. तो तासभर ऐका. चार ब्रोशर वाचून कळणार नाही ते तिथे कळतं.

काय बघायचं? खायची द्राक्षं आणि वाइनची द्राक्षं यातला फरक. खायची म्हणजे थॉमसन, सोनाका, शरद, जंबो वगैरे. वेली डोक्याच्या वरपर्यंत मांडवावर किंवा वाय आकाराच्या अँगलवर, ओलांडे म्हणजे वेलीच्या आडव्या फांद्या तारेला बांधलेल्या, खाली वाकून गेलात की घड टांगलेले, एकसारखे, जसे काही साच्यातून काढलेत. तसे ते आपोआप होत नाहीत. एकेका घडाचं थिनिंग करतात, म्हणजे मधले मणी काढून विरळ करायचं, आणि मग जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड या वाढीच्या संजीवकाच्या द्रावणात एकेक घड मगात बुडवून डिपिंग, म्हणजे मणी लांब आणि मोठे होतात. हे काम बहुतेक बायका करतात, पेठ, सुरगाणा भागातून मजुरांच्या टोळ्या सीझनभर इकडे येऊन राहतात, सकाळी रस्त्यावर माणसांनी भरलेल्या पिकअप दिसतील त्या त्यांच्या.

वाइनची बाग मात्र बुटकी. ओळीने उभ्या तारांवर वेली, पानांची भिंत केल्यासारखी, घड कमरेच्या उंचीला आणि लहान, गच्च, मणी करवंदापेक्षा फार मोठे नाहीत, वर पांढरी लव. खाऊन बघायची परवानगी मिळाली तर बघा, साल जाड, आत बिया, आणि गोड म्हणजे किती गोड, बोटं चिकटतात. खायच्या द्राक्षाला सोळा-अठरा ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) साखर भरली की तोडतात, वाइनच्या द्राक्षाला बावीस-चोवीसपर्यंत थांबतात कारण त्या साखरेचंच पुढे अल्कोहोल होतं. मोठा मणी इथे नकोच असतो, रंग आणि चव सालीत, त्यामुळे जितका मणी छोटा तितकी सालीची बाजू जड. तोडणी पहाटे, कधी रात्री लाइट लावून, म्हणजे माल थंड असतानाच वाइनरीत पोचतो.

मग सगळे शेतकरी वाइनचीच द्राक्षं का लावत नाहीत, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. दादांना विचारा, उत्तर मिळेल. २००१ मधे सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क काढला, भराभर वाइनऱ्या निघाल्या, लोकांनी थॉमसन काढून वाइनच्या जाती लावल्या. मग २००८-०९ च्या मंदीत विक्री बसली, माल पडून राहिला, काही वाइनऱ्या बंद पडल्या आणि ज्यांच्याकडे खरेदीदार उरला नाही त्यांनी बागेला कुऱ्हाड लावली. खायचं द्राक्ष कुठेही विकता येतं, अगदी रस्त्यावर बसून. वाइनचं द्राक्ष वाइनरीशिवाय कोणाच्या कामाचं? आता ज्यांचे पक्के करार आहेत ते खूश असतात, भाव आधीच ठरलेला, डिपिंग-थिनिंगचा खर्च नाही. पण आठवण गेलेली नाही. आणि हो, विंचूरचा वाइन पार्क बघायला म्हणून जाऊ नका, ती एमआयडीसी आहे, शेड आणि गेट.

नाश्ता राहिला की

निफाडला स्टँडजवळ गरम भजी, पाव, चहा असं काहीही चालेल. शहरातच असाल तर मिसळ. सुलाकडे जाताना बारदान फाट्याजवळची साधना चुलीवरची मिसळ सगळ्यांना माहीत आहे आणि रविवारी तिथे जत्रा असते, मधल्या वारी निवांत. सातपूरला श्यामसुंदर. नाशिकची मिसळ म्हणजे रस्सा वेगळा मिळतो, काळ्या मसाल्याचा, तुम्ही किती तिखट करायचं ते तुमच्या हातात, सोबत पापड, दही. टेस्टिंगच्या आधी पोट भरलेलं पाहिजे हे खरं, पण तर्री ओतून ओतून खाल्लीत तर पुढचे दोन तास जिभेला वाइनमधलं काही कळणार नाही. त्या दिवशी मिसळ फिकी खा, नाहीतर मिसळ आणि टेस्टिंग यात दोन-तीन तास जाऊ द्या.

वाइनरीत गेल्यावर

निफाडच्या बाजूला कुंदेवाडीला रेव्हेलो आहे. शेतकरी कुटुंबाची, छोटी, इटालियन जाती लावल्यात त्यांनी, ग्रिल्लो, नेरो दाव्होला, जे तुम्हाला इकडे दुसरीकडे सहजी मिळणार नाही. छोट्या वाइनऱ्यांचं एकच, आदल्या दिवशी फोन करायचा, लोक आहेत का, टेस्टिंग चालू आहे का, कितीला, किती जणं. फोन न करता जाल तर गेटवर वॉचमन भेटेल आणि त्याचं काही चुकलेलं नसेल. फोन उचलला आणि या म्हणाले तर बहुधा तुम्हाला दाखवणारा माणूस तोच असतो जो टाक्या बघतो, आणि त्याला प्रश्न विचारायला मजा येते.

काय विचारायचं? आज क्रशिंग चालू आहे का. सीझनमधे असेल तर क्रेट उतरताना, देठ वेगळे करणारं मशीन चालताना बघायला मिळतं आणि त्या शेडमधला वास, गोड आणि आंबूस, डोक्यात बसतो. पांढरी वाइन करताना रस लगेच सालीपासून वेगळा काढतात, लाल करताना सालीसकट आंबवतात, रंग तिथून येतो. रस सगळ्याच द्राक्षांचा जवळपास पांढराच असतो, काळं द्राक्ष पिळून दाखवा म्हणा, दाखवतात. स्टीलच्या टाकीला हात लावा, थंडगार असते, कारण आंबताना उष्णता तयार होते आणि आपल्या हवेत ती आवरली नाही तर वाइनचा वास उडून जातो. विजेचं बिल कितीला येतं हे विचारलंत तर समोरच्याला तुम्ही लगेच आवडाल. उरलेला चोथा कुठे जातो तेही विचारा, बराचसा खत होऊन बागेतच परत जातो.

टेस्टिंग. एकवीस पूर्ण नसतील तर नाही, आणि ओळखपत्र जवळ ठेवा. क्रम असतो, फेसाळती, पांढरी, रोझे, लाल, शेवटी गोड लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची. उलट केलं तर पांढरी पाण्यासारखी लागते. ग्लास दांडीला धरा, गरगर फिरवा, नाक आत घाला, घोट घ्या, तोंडात फिरवा. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं आणि ते वापरायला लाजायचं काही कारण नाही, जगभर जे रोज वाइन चाखतात ते थुंकतातच, फक्त आपल्याकडे पैसे दिलेत म्हणून कोणी थुंकत नाही. शेजारचा 'मला यात लिची, हिरवी मिरची आणि ओली माती येतेय' म्हणाला तर म्हणू दे. तुम्हाला पेरू आला तर पेरू म्हणा, पेरू तर खरंच येतो बऱ्याच सॉव्हिन्यॉनमधे. आवडली का, एवढं कळलं तरी पहिल्या दिवसाला खूप झालं. पहिल्यांदाच पिणाऱ्याला शेनिन ब्लाँ बहुतेक आवडते, जरा गोडसर, फळांची. लाल पहिल्या घोटाला तुरट लागते आणि लोक तोंड वाकडं करतात, तिला जेवणाबरोबर दुसरी संधी द्या.

एक वैताग सांगून ठेवतो. एका वाइनरीत, नाव नको, आमच्या काकूंना 'टेस्टिंग घेणार नसाल तर टूर नाही' असं तोंडावर सांगितलं होतं, काकू पीत नाहीत पण शेतकऱ्याच्या घरच्या, त्यांना टाक्या बघायच्या होत्या. त्यामुळे न पिणारी मंडळी सोबत असतील तर फोनवर आधीच विचारा की नुसती टूर मिळते का. आई-वडिलांना आणायला काहीच हरकत नाही, बाग आणि पक्षी त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतात. वाइनरीत बसायचा कंटाळा आला तर त्यांच्यासाठी गंगापूर रोडवर सोमेश्वर आहेच, देवळाच्या पुढे गोदावरीचा धबधबा, पाणी सोडलेलं असेल तर.

जेवण

वाइनरीतल्या रेस्टॉरंटात पास्ता मिळतो. तुम्हाला पास्ता खायला नाशिकला यायची गरज नव्हती. हायवेवरच्या ढाब्यावर नाहीतर गावातल्या खानावळीत बसा, शेवभाजी, पिठलं, ठेचा, बाजरीची भाकरी, मटण खात असाल तर काळ्या मसाल्याचं. तिथे बाटली उघडायची नाही, परवाना नसलेल्या जागी दारू पिणं गुन्हा आहे आणि मालक तुमच्यामुळे अडचणीत येतो. वाइन आणि हे जेवण एकत्र करायचं ते घरी, आणि ते जमतं. तिखटाबरोबर तुरट लाल घेतली की तिखट दुप्पट लागतं, म्हणून मिसळ, शेवभाजी यांच्याशी गार शेनिन. काळ्या मटणाशी शिराझ, पण मटण मध्यम तिखट ठेवा. कोथिंबीर वडी, अळूवडीला सॉव्हिन्यॉन. साबुदाणा वड्याला फेसाळती, हे ऐकून लोक हसतात, खाऊन बघितल्यावर हसत नाहीत. आणि चिवड्यालाही तीच. कोंडाजीचा चिवडा घेऊन जाणारच आहात तुम्ही, एक पुडा जास्त घ्या.

दुपारी-संध्याकाळी

जेवून दोन तास काहीही करू नका. फारतर येताना ओझर, पिंपळगाव बसवंतच्या बाजूने या, सीझनमधे रस्त्याकडेला द्राक्षाचे स्टॉल लागलेले असतात. घेताना घडाचा देठ हिरवा आहे का बघा, तपकिरी असेल तर शिळा. मण्यावरची पांढरी लव शाबूत असेल तर फार हाताळलेला नाही. पिवळसर झाक आलेला घड जास्त गोड, हिरवागार दिसायला छान पण बऱ्याचदा आंबट. घरी गेल्यावर मात्र मीठ-सोड्याच्या पाण्यात बुडवून, मग नळाखाली धुऊनच खा.

ज्यांना सूर्यास्त हवाच आहे त्यांनी साडेपाचपर्यंत यॉर्कला पोचावं, गंगावऱ्हेला गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर त्यांची बाल्कनी आहे. २०२१ पासून ती सुलाच्याच मालकीची आहे, पण गर्दी त्या मानाने कमी असते. मधल्या वारी तिथे एक ग्लास आणि काहीतरी तळलेलं घेऊन बसायला मलाही आवडतं. त्या दिवसाची ती दुसरी वाइनरी, तिसरी नाही. तपोवनने परत जाणाऱ्यांचं हे जमणार नाही, त्यांनी दुपारीच उरकून वेळेत नाशिकरोड गाठावं.

बाटल्या घेताना

वाइनरीच्या दुकानात अशाच घ्या ज्या तुमच्या गावातल्या दुकानात मिळत नाहीत, बाकीच्या कुठेही मिळतात, उगाच ओझं. लेबलवर साल बघा. आपल्याकडच्या पांढऱ्या आणि रोझे ताज्या प्यायच्या असतात, एक-दोन वर्षांच्या आत, 'जुनी ती चांगली' हे इथे लागू नाही. रिझर्व्ह लिहिलेल्या, लाकडी पिंपात ठेवलेल्या लाल मात्र काही वर्षं टिकतात.

गाडीच्या डिकीत बाटल्या ठेवून दिवसभर उन्हात फिरलात तर वाइन उकडून जाते, बूच वर येतं, चव शिजवलेल्या फळासारखी होते. खरेदी दिवसाच्या शेवटी करा, बाटल्या सीटखाली सावलीत ठेवा. सुरत, वापी, बलसाडच्या मंडळींनी एकच लक्षात ठेवायचं, गुजरातेत दारूबंदी आहे, राज्याच्या सीमेपुढे बाटली न्यायची नाही, सापुताराही गुजरातेतच येतो, इथे प्या, इथेच संपवा. बाकी राज्यांत जाणाऱ्यांनीही आपापल्या राज्याचा नियम बघून घ्या.

घरी गेल्यावर लालसुद्धा वीस मिनिटं फ्रीजमधे ठेवून मग उघडा, पुस्तकातलं 'रूम टेंपरेचर' आपल्या मार्चमधल्या रूमचं नसतं. उघडलेली बाटली बूच लावून फ्रीजमधे उभी ठेवली की तीन दिवस बरी राहते, फेसाळती त्याच रात्री संपवायची. आणि चौथ्या दिवशी उरलीच असेल तर मटणाच्या रश्श्यात अर्धी वाटी घाला, मसाला परतून झाल्यावर, पाणी घालायच्या आधी.